चाचांचा कान

लोणावळ्यात पाण्याला घाबरणारी माणसं पुष्कळ आहेत, पण खुद्द पाणी ज्याला घाबरतं असा माणूस एकच, आमच्या शेजारचे चाचा. मूळचे बेडशाकडचे. उभा जन्म पाणीपुरवठ्याचे व्हॉल्व्ह फिरवण्यात गेला. निवृत्त झाले तरी खोड जाईना. कुणाकडे गेले की चहाआधी संडासाची वाट विचारतात. लोकांना वाटतं, वय झालं. छे! हे गृहस्थ खिशातल्या पुडीतली चिमूटभर हळद फ्लशच्या टाकीत टाकतात आणि खालचं भांडं पिवळं होतंय का ते बघत उभे राहतात. त्यांच्या पुतण्यासाठी तळेगावला मुलगी बघायला गेलो, तिथेही हेच. बाहेर येऊन भर बैठकीत म्हणाले, "पोरगी लाखात एक हाय. टाकी मातुर गळती." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलीचा बाप मात्र खूश! एवढी बारीक नजर असलेल्या घरात पोरीला काही कमी पडायचं नाही, म्हणाला. लग्न झालं, टाकीही बदलली.

गेल्या उन्हाळ्यात, शहरात पाणी वाचवायचे कोणते उपाय खरंच कामाचे आहेत हे तपासायला एक नागरिक समिती नेमली गेली. तिच्यासाठी चाचा तपासणार आणि मी लिहिणार, कारण निवृत्त मास्तराला दुसरं येतं काय? बादली आणि घड्याळ घेऊन आम्ही घरोघर हिंडलो. नळाला बसवायच्या बारीक जाळ्या बघून चाचा म्हणाले, "धार बारीक झाली का मानूस दुप्पट येळ अंघोळ करतो. लिवा मास्तर, भांड्याला चांगलं, अंघोळीला बिनकामी." छपराच्या पाण्याच्या टाक्यांवर तर ते उखडलेच. "पावसात भरनार आन् पावसातच वापरनार! मे महिन्यात त्यात पाली नांदत्यात." शाळेच्या शोषखड्ड्याला मात्र शाबासकी मिळाली, कारण त्याच्यामुळे खालच्या विहिरीचं पाणी जास्त दिवस टिकायला लागलं होतं. पण चाचांचा खरा जीव रस्त्याखालच्या जुन्या पाइपांत. "आदी चाळनी बुजवा, मंग पानी भरा," हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं की समितीतले लोक त्यांना बघून रस्ता बदलायचे.

शेवटी समिती वैतागली. म्हणाली, एक जागा दाखवा. खणल्यावर पाणी लागलं तर पाइपांची दुरुस्ती सगळ्यात आधी. नाही लागलं तर तो विषयच अहवालातून बाद. चाचांना हेच हवं होतं. पहाटे, गाड्यांची वर्दळ सुरू व्हायच्या आत, पाइपाच्या वाटेवर लोखंडी सळई टेकवायची आणि वरच्या टोकाला कान लावून गळती ऐकायची, ही त्यांची विद्या. त्या कानाच्या भरवशावर त्यांनी निम्मं गाव खणलं होतं.

मला मात्र एक गोष्ट ठाऊक होती आणि तिने माझी झोप उडवली होती. वर्षभरात चाचांना ऐकू येईनासं झालं होतं. "जेवलात का?" विचारलं तरी "व्हय", आणि "कुठे निघालात?" विचारलं तरी "व्हय"च. कानाचं यंत्र घ्या म्हटलं की अंगावर यायचे.

ठरल्या दिवशी उजाडता उजाडता सगळे जमले. चाचांनी सळई टेकवली, कान लावला, डोळे मिटले. बराच वेळ गेला. कपाळावर घाम आला. मजूर कुदळी धरून ताटकळले. एकदम माझ्याकडे वळून ते खेकसले, "मास्तर, माजी कंबर धरली. तुमी लावा कान!"

मी लावला. काही नाही. त्यांनी सळई दोन पावलं पुढे नेली. तिथेही काही नाही. चाचा सळईकडे बघतच नव्हते, टक लावून माझ्या तोंडाकडे बघत होते. तिसऱ्या जागी माझ्या भुवया वर गेल्या आणि मी काही बोलायच्या आत ते ओरडले, "हितं खना!"

गुडघाभर खड्ड्यात पाणी आलं. टाळ्या वाजल्या. दुरुस्ती अहवालात पहिली लागली, आणि चाचांच्या कानाची कीर्ती पार बाजारापर्यंत गेली. मी कुणाला काही बोललो नाही. कशाला बोलायचं? खरी जागा सापडली ती त्यांच्यामुळेच.

घरी परतताना ते वाटेत थांबले. "मास्तर, कसा होता वो आवाज?"

त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी ओरडलो, "बारीक! दूध उतू जायच्या बेतात असतं ना, तसा!"

समोरच्या ओट्यावरची बाई गॅस बंद करायला आत धावली. चाचा डोळे मिटून तसेच उभे राहिले.

"आक्षी तसाच असतो त्यो," ते हळूच म्हणाले. "लय दिस झालं ऐकून."

काहीतरी बोलावंसं फार वाटलं, पण ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.