शेवग्याचा पाला आणि गंगूचा डोळा

बाटलीचं बूचसुद्धा काढलेलं नव्हतं. देऊन पंधरा दिवस झाले होते. शहापूरच्या एका विणकराची बायको, सत्याक्का, चार वर्षांच्या गंगूला कडेवर घेऊन माझ्यासमोर उभी होती. पोरीचा डावा डोळा उघडत नव्हता.

"औषध का पाजलं नाहीस?" मी ओरडलोच. नुकताच डॉक्टर होऊन बेळगावच्या दवाखान्यात रुजू झालो होतो. आवाज लगेच चढायचा.

"माशाचं त्याल हाय न्हवं ते, साहेब? आमच्यात चालत न्हाय."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुमी लई घाईत हुतासा."

खरं होतं. गोवर येऊन गेल्यापासून दिवेलागणीनंतर पोर भिंतीवर आपटते, एवढंच ऐकून मी कागद पुढे ओढला होता. रातांधळेपणा. अ जीवनसत्त्व कमी पडलं की होतो. माशाच्या लिव्हरच्या तेलात ते भरपूर असतं. पुस्तकात होतं तसं लिहून दिलं.

आता विचारलं, "पोर खाते काय?"

"पेज. गोवर उठल्यापास्नं घरात फोडणी न्हाय, पालेभाजी न्हाय. देवीचं पाळाय लागतंय."

"परसात काही भाजीपाला?"

"शेवगा हाय की. पाला शेळीला घालतो."

शेवग्याच्या पाल्यात कॅरोटिन नावाचं पिवळं द्रव्य असतं. हिरव्या रंगाखाली ते दिसत नाही. शरीर त्याचंच अ जीवनसत्त्व करून घेतं, फक्त सोबत थोडं तेल लागतं. म्हणजे पाला आणि फोडणी. नेमक्या त्याच दोन गोष्टी त्या घरात बंद होत्या. मी तिला तसं सांगितलं.

"देवीची ओटी भरून आजच पाला रांधतो," ती म्हणाली. पण डोळा इतका बिघडल्यावर नुसत्या भाजीवर भागणार नव्हतं. तेही मीच सांगितलं. तिनं डोळे मिटून हात जोडले आणि माझ्यासमोरच पोरीला ते माशाचं तेल पाजलं. मला तिच्याकडे बघवेना.

उजवा डोळा वाचला. डाव्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा आधीच विरघळून तो डोळा कायमचा गेला होता.

"साहेब, पयल्याच दिशी पाला सांगितला असतासा तर?" महिन्याभरानं तिनं विचारलं.

"वाचला असता."

पदरानं पोरीचा डोळा पुसून ती निघून गेली.

औषध लिहिण्याआधी घरात काय खातात, काय चालत नाही, हे विचारायला एक मिनिट लागतं. पुढच्या सगळ्या नोकरीत मी ते रोज विचारलं. गंगूला त्याचा काही उपयोग नव्हता.