शवासनातल्या सूचना

योगाबद्दल मी काही लिहावं असा माझा अधिकार नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. घरची बोलीही मराठी नाही, त्यामुळे चुका होतील. नवशिक्यांना सगळेच सांगतात की पोट रिकामं ठेवा, कपडे सैल घाला, पहिल्याच दिवशी गुडघ्याला डोकं टेकवायला जाऊ नका. ते खरंच आहे. मला त्यात एकच भर घालायची आहे. डोळे मिटण्याआधी आपल्या शरीरात काय कमी आहे ते शिक्षकांना सांगून टाका, त्यांनी विचारलं नाही तरी. का, ते लिहितो.

मी मालेगावचा. अब्बा यंत्रमागावर काम करतात आणि मी लहानपणापासून त्या कारखान्यातच वाढलो. माग चालू असताना तिथे कोणी कानाने ऐकत नाही. समोरच्याचे ओठ बघायचे, हाताची खूण बघायची. घरी आल्यावरही सगळे ओरडूनच बोलतात. त्यामुळे मला कमी ऐकू येतं हे कॉलेजसाठी नाशिकला येईपर्यंत मला माहीतच नव्हतं. ते योगाच्या वर्गात कळलं.

वर्ग घेणाऱ्या मॅडमनी सुरुवातीलाच फळ्यावर लिहिलं होतं की वर्षाच्या शेवटी एकाला योगशिक्षकाच्या कोर्सला विनाशुल्क पाठवणार. तो कोर्स केलेल्यांना नाशिक रोडच्या कॉलन्यांमध्ये सकाळचे वर्ग मिळतात. मला ते हवं होतं. नाहीतर पदवीनंतर पुन्हा मागावरच उभं राहायचं होतं. अब्बा फोनवर ओरडले, "सर नीचे, पाँव ऊपर. इसके लिए भेजा तुझे नासिक?" मग म्हणाले, "मिल गया तो वापस मत आना."

मॅडमचा आवाज फार मऊ होता. पहिल्या दिवशी त्यांनी काहीतरी विचारलं. पुढच्या ओळीतल्या दोन मुलींनी हात वर केला, म्हणून मीही केला. सगळे हसायला लागले. मॅडमनी विचारलं होतं, मुलींपैकी आज कोणाला अडचण आहे का. त्या दिवसापासून माझं नाव 'अडचण' पडलं. "काय अडचण, या महिन्यात तारीख कधी?" असं पोरं कॅन्टीनमध्ये विचारायची. अगदी तोंडासमोर येऊन विचारायची, त्यामुळे तेवढं मला नीट ऐकू यायचं.

आपल्या कानात काहीतरी कमी आहे हे तेव्हा लक्षात आलं. पण बहिऱ्याला शिक्षक कोण करणार, या भीतीने मी गप्प राहिलो.

मी पुढच्या मुलीकडे बघून आसनं करू लागलो. ती वळली की वळायचं, ती वाकली की वाकायचं. एकदा मॅडमनी ते पाहिलं. जवळ येऊन म्हणाल्या, "शेजारच्याच्या ताटात काय वाढलंय ते बघू नये. आपल्या श्वासाकडे बघ."

"परीक्षेतपण असाच पास होतो, मॅडम," मागून कोणीतरी म्हणालं. हेही मला नंतर, तोंडासमोर येऊन सांगण्यात आलं.

शवासनात डोळे मिटायचे असतात. इतरांना त्यात शांत वाटतं. माझे डोळे मिटले की माझ्याकडे काहीच उरत नाही. मी पापण्यांच्या फटीतून बघायचो आणि लोक उठले की उठायचो. मॅडमच्या ते ध्यानात आलं आणि त्यांनी माझ्या डोळ्यांवर रुमालाची घडी ठेवायला सुरुवात केली.

थंडीतल्या एका सकाळी मी असा पडलेलो असताना पोरांनी चपला हातात घेतल्या आणि सगळा वर्ग चवड्यांवर बाहेर गेला. मी पडून राहिलो. फरशी गार होती. कोणी चाललं तर पाठीला कळेल म्हणून मी वाट बघत होतो. शेवटी झाडणाऱ्या मावशींचा झाडू पायाला लागला. रुमाल काढला तर त्या वाकून म्हणत होत्या, "ऊठ रे बाळा, सगळे कधीच बाहेर गेले."

सगळे दारात उभे राहून पोट धरून हसत होते. मॅडमही हसल्या. मग आत येऊन त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "इतकं खोल जाताना मी अजून कोणाला पाहिलं नाही. शिका याच्याकडून."

त्यानंतर त्या मला उदाहरण म्हणून दाखवू लागल्या. निवड माझीच होणार असं मला वाटू लागलं. रुमाल मी स्वतःच रूमवरून नेऊ लागलो.

मॅडमना मोबाइलचं वावडं होतं, वर्गाचा ग्रुप नव्हता. सगळ्या सूचना त्या शवासनात द्यायच्या. मन शांत असताना सांगितलेलं आत उतरतं, असं त्यांचं म्हणणं. मला हे माहीत नव्हतं. कधी वर्गाला सुट्टी असली की मी बंद हॉलसमोर उभा राहायचो आणि आपलंच काहीतरी चुकलं असेल असं समजून परत जायचो.

मार्चमधल्या एका सोमवारी गेलो, तर जिच्याकडे बघून मी आसनं करायचो ती पुढची मुलगी पेढे वाटत होती. ती माझ्याशी कधी वाईट वागली नव्हती. तिने माझ्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाली, "काल का नाही आलास रे? कोर्सची निवड होती ना. एकेकाने वर्ग घ्यायचा होता. मॅडम तर तुझंच नाव ठरवून आल्या होत्या, किती वेळ थांबल्या तुझ्यासाठी."

"कधी सांगितलं होतं?"

"शनिवारी. शवासनात." मग हसून म्हणाली, "आम्ही म्हटलं, त्याला रूमवरून घेऊन येतो. तर मॅडम म्हणाल्या, राहू दे. ज्याला खरी शांती मिळाली, त्याला असल्या निवडीचं काय."