दुसऱ्या रिंगला

द्रौपदी बनसोडे फोन दुसऱ्या रिंगला उचलते. पहिल्याच रिंगला उचलला तर समोरच्याला वाटतं, या लोकांना दुसरा उद्योग नाही. तिसरी वाजू दिली तर तो पुढचा नंबर शोधायला लागतो. हे शास्त्र तिला कुणी शिकवलं नाही. एकतीस वर्षं भांडुपच्या टेकडीवर बसून तिने ते स्वतःच तयार केलं. ते इतकं अंगात मुरलं की आंघोळीला जातानाही ती मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला अडकवायची.

तर अशा बाईच्या हातातून फोन काढून घ्यायचं या श्रावणात तिच्या पोराने ठरवलं.

धंदा मुळात नवऱ्याचा, धोंडिरामचा. सोसायट्यांची आवारं, गच्च्या, पाण्याच्या टाक्या जेट मशीनने धुऊन द्यायच्या. धोंडिरामचे गुडघे गेले तसा मुलगा आकाश सगळं बघायला लागला. पोरगा कामाचा, आळशी अजिबात नाही. त्याने एकाची तीन मशीनं केली, आणि आता त्याच्या डोक्यात आलं होतं की चौकशीला उत्तर द्यायचं कामही यंत्रालाच द्यायचं. मेसेज आला की एका सेकंदात जवाब. फोन आला की एका गोड बाईचा आवाज: मराठीसाठी एक दाबा, टाकी धुण्यासाठी दोन दाबा.

"आई, तू झोपतेस, जेवतेस, विहारात जातेस. हे कुठेच जात नाही," आकाश म्हणाला. "गणपतीपर्यंत ट्राय करू. नाही जमलं तर आहेसच की तू."

'आहेसच की तू' हे तिला लागलं. पण वाद घालायला जागा नव्हती. लवकर उत्तर दिलं की काम मिळतं, हे आयुष्यभर तिनेच घरात ऐकवलं होतं, आणि एका सेकंदापुढे दुसरी रिंग म्हणजे उशीरच. तिने मोबाइल पुसून त्याच्या हातात दिला. शिवाय आठवडाभरात चौकश्या वाढल्या, तेही तिने पाहिलं. खोटं कशाला बोलायचं, यंत्र बरं चाललं होतं. हिची सकाळ मात्र सरता सरेना. भांडी दोनदा घासून झाली, मग ती उठून समोरच्या ओळीत वनमालावहिनींकडे जाऊन बसायला लागली.

वनमालावहिनी मालवणकडच्या, आता ऐंशीच्या पुढे. नवरा बाळा गिरणीत होता. तो जाऊनही बारा वर्षं झाली. मुलगा राजेश बदलापूरला राहतो आणि दर रविवारी आईला न्यायला येऊन एकटाच परत जातो. द्रौपदीचं या घरात येणं-जाणं मात्र सुरू झालं ते फोनमुळेच.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. धोंडिराम मूळचा सांगोल्याकडचा, तरुणपणी आरे कॉलनीत गोठे धुवायला होता. जाड पाइप धरून शेण वाहून न्यायचं, म्हशींच्या खुराखालची फरशी लख्ख करायची. पाण्याचा जोर हातात कसा धरायचा ते तो तिथे शिकला. पुढे अंधेरीच्या एका सर्व्हिस स्टेशनने गाड्या धुवायचं जुनं मशीन भंगारात काढलं, ते याने उचलून आणलं आणि दुरुस्त केलं. मशीन चालू केलं तेव्हा अख्खी चाळ बघायला जमली होती. कुणीतरी म्हणालं, आमचा जिना धुऊन दाखव. धोंडिरामने जिना धुतला तर खालचा दगड काळा नसून पिवळसर आहे हे तिथे जन्मलेल्या माणसांना पहिल्यांदा कळलं.

मग कार्डं छापली. कार्डावर नाव, काम, आणि खाली फोन नंबर, त्यापुढे कंसात दोन अक्षरं: पी.पी. म्हणजे फोन शेजाऱ्याचा. ते बोलावून देतील एवढ्या भरवशावर सगळं. तेव्हा निम्मी मुंबई अशीच दुसऱ्याच्या फोनवर जगत होती आणि त्यात कुणाला लाज वाटत नव्हती. तो शेजारी म्हणजे बाळा. सात वर्षं थांबून त्याला फोन मिळाला होता. त्यावर वनमालावहिनींनी विणलेलं झाकण आणि डायलला पितळेचं छोटं कुलूप. बाळानेच आपणहून सांगितलं होतं, नंबर घाल म्हणून.

निरोप लिहून ठेवायचं काम राजेशकडे. तो तेव्हा नववीत होता, आणि क्रिकेटच्या मोसमात नववीतल्या पोराकडे निरोप देणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. मुलुंडच्या एका सोसायटीतून सोमवारी फोन आला: आवारात शेवाळ फार झालंय, लगेच या. राजेशने ते भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. धोंडिरामला कळलं गुरुवारी. तो मशीन घेऊन धावत गेला तर फाटकातच माणूस म्हणाला, आता कशाला आलात? बुधवारी सकाळी दूध घ्यायला उतरलेल्या आजी त्याच शेवाळावर घसरल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं.

धोंडिराम घरी आला आणि न जेवता झोपला. द्रौपदीला मात्र झोप नव्हती. त्या आजींना तिने पाहिलं नव्हतं, त्यांचं नावही तिला ठाऊक नव्हतं. पण सोमवार ते गुरुवार हे तीन दिवस कुठे पडून राहिले, याचा हिशेब तिला लागेना. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता ती वनमालावहिनींच्या उंबऱ्यावर येऊन बसली. फोन वाजला तर मी घेते, म्हणाली.

दोन दिवस ती अशी उंबऱ्यावरच बसली. आत यायला तिला संकोच. आपली वस्ती, त्यांची वस्ती, हे तेव्हा कुणी बोलत नसलं तरी सगळ्यांच्या मनात असायचं. तिसऱ्या दिवशी वनमालावहिनींचा पारा चढला. "उंबऱ्यार बसून फोन गावता काय? आत ये आणि ही कोलंबी सोल," त्या म्हणाल्या. तेव्हापासून नऊ वर्षं, रोज नऊ ते एक, द्रौपदी त्या घरात बसली. कोलंबी सोलली, तांदूळ निवडले, राजेशची दहावी, बाळाची गिरणी कायमची बंद झाल्याची बातमी, दोघींची दुखणी-खुपणी, सगळं त्या फोनशेजारी झालं.

फोन आला की ती आधी एकच विचारायची: कोणी घसरलं तर नाही ना? मग बाकीचं. नळ कुठे आहे, पाण्याला जोर आहे का, उतार कुठल्या बाजूला, खाली लादी की कोबा. शेवटी सांगायची, आजच बघून जातील. एक वाजता धोंडिराम जिथे असेल तिथल्या वाण्याच्या लाल डब्यात रुपया टाकून फोन करायचा, पत्ता घ्यायचा आणि जेवणाचा डबा न उघडता तसाच पुढे जायचा. इतर लोक 'बघतो, कळवतो' करत बसायचे, तोवर याने पाणी मारून एक लादी पांढरी करून दाखवलेली असायची. एवढ्या काळ्या आवारात ती एकच पांढरी लादी कमिटीला बघवायची नाही, मग काम द्यावंच लागायचं. घाटकोपर, मुलुंड, पवई, कामं अशीच वाढली. मोबाइल आले तेव्हा द्रौपदीचा मुक्काम वनमालावहिनींकडून स्वतःच्या ओट्यावर आला. दोघींनाही ते काही महिने फार जड गेलं.

आता या श्रावणात ती परत तिथेच, त्याच जागी बसली होती. फोनवर झाकण नव्हतं, कुलूप नव्हतं, पण फोन होता. राजेश दर महिन्याला म्हणायचा, हे कशाला ठेवलंय, काढून टाकूया. गणपतीला आठ दिवस राहिले असताना, सकाळी साडेदहाला तो वाजला.

वनमालावहिनी उठेपर्यंत द्रौपदीने तो उचललाही होता. दुसऱ्याच रिंगला.

पलीकडे हर्षद सामंत, मुलुंडच्याच दुसऱ्या एका सोसायटीचे जुने सेक्रेटरी, पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक. चिडलेले होते. तुमच्या मोबाइलवर कोण बाई बसवलीय, म्हणाले, एक दाबलं, दोन दाबलं, मग तीच म्हणते धन्यवाद. शेवटी कपाटातून तुमचं पहिलं कार्ड शोधून काढलं.

"कोणी घसरलं तर नाही ना?" द्रौपदीने विचारलं.

त्यांची बायको काल घसरता घसरता वाचली होती. द्रौपदी सवयीने बोलून गेली, आजच बघून जातील. फोन ठेवला आणि मग तिच्या लक्षात आलं की जायला कोणी नाही. आकाश आणि माणसं अंधेरीत जमिनीखालच्या टाकीत उतरलेली, फोन लागेना. धोंडिरामला जिना उतरवत नाही. चार वेळा नंबर फिरवून ती हातात रिसीव्हर धरून बसून राहिली.

"हा फोन तुम्ही अजून कशाला ठेवलात, वहिनी?" तिने काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"तुझी कार्डां अजून लोकांकडे आसत मां," वनमालावहिनी म्हणाल्या. "फोन काढलंय तर ती माणसां तुका खंय सोदतली?" आणि ती नुसती बघत बसलीय हे पाहून पुढे म्हणाल्या, "शब्द तू दिलंस ना? मग तूच जा."

द्रौपदीने रिक्षा केली. मुलुंड काही परदेश नव्हे, भांडुपच्या पुढे दोन स्टेशनं. पण एकतीस वर्षांत या धंद्यातलं एकही आवार तिने डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. शेकडो आवारं तिला कानाने पाठ होती: कुठे नळ मागच्या बाजूला, कुठे वॉचमन कटकट्या, कुठे जाळी तुंबलेली. सामंतांच्या फाटकातून ती आत शिरली आणि नळ उजव्या हाताला, उतार गेटकडे, डावीकडे चाफा, सगळं तसंच निघालं. फक्त ते इतकं मोठं आणि इतकं हिरवं असेल असं तिला वाटलं नव्हतं. ती वाकली, शेवाळावरून तळवा फिरवला. भिंतीलगत एसीचं पाणी ठिबकत होतं, तिथे सगळ्यात बुळबुळीत होतं. ते दाखवून ती म्हणाली, आधी याला पाइप लावा, नाहीतर धुऊन महिन्याभरात पुन्हा तेच. जमिनीवरच्या सिमेंट ब्लॉकच्या फटींवर पुरा जोर मारायचा नाही, खालची वाळू उडते. उद्या सकाळी सातला मशीन येईल. आजच्यापुरती जिन्यापाशी गोणपाटं टाका.

सामंतांनी खुर्ची आणवली, चहा आणवला.

"पंचवीस वर्षं तुमचा नुसता आवाज ऐकतोय," ते म्हणाले. "तुमचे मिस्टर मात्र काम झालं की इथे बसून तुमच्याबद्दलच बोलायचे. मी काम चांगलं झालं म्हटलं की त्यांचं ठरलेलं: मी नुसता पाणी मारतो साहेब, धंदा ती करते."

द्रौपदीने कप खाली ठेवला. इतकी वर्षं तो माणूस रात्री घरी यायचा, भिजलेले बूट दाराबाहेर उलटे ठेवायचा, आणि ती विचारायची तेव्हा 'झालं' या एका शब्दापलीकडे त्याच्या तोंडून काही निघायचं नाही. तिला वाटायचं, फोन उचलण्यात काय मोठंसं आहे, असंच त्यालाही वाटत असणार. ती चहा तसाच सोडून चाफ्याखाली जाऊन उभी राहिली, कारण परक्या माणसासमोर डोळे पुसायला तिला बरं वाटेना.

संध्याकाळी आकाश आला तेव्हा त्याला सगळं कळलं होतं. सामंतांनी त्यालाही शोधून काढून झापलं होतं. त्याने गोड आवाजाची बाई काढून टाकली. मेसेज यंत्राकडे, वाजणारा फोन आईकडे, असं त्याने ठरवून मोबाइल तिच्या मांडीवर ठेवला. सकाळी असं झालं असतं तर तिने तो छातीशी धरला असता. आता तिने तो बाजूला सरकवला आणि म्हणाली, फोन घेईन, पण उद्यापासून बघायलाही मीच जाणार. सगळी आवारं मला एकदा डोळ्यांनी पाहायची आहेत.

धोंडिराम खाटेवर गुडघ्यांना तेल चोळत बसला होता. ती त्याच्यासमोर जाऊन बसली.

"सामंतांना तुम्ही काय सांगायचात माझ्याबद्दल?"

त्याने वर पाहिलं नाही. "सामंतांनाच नाही. सगळ्यांनाच सांगायचो."

"मग मला कधी सांगितलं नाहीत ते?"

त्याने तेलाची वाटी उचलून हातात धरली. टाळत नव्हता, खरोखरच विचार करत होता.

"तुला माहीत नाही, असं कधी वाटलंच नाही," तो म्हणाला.

तिने त्याच्या हातातली वाटी घेतली आणि त्याच्या गुडघ्यांना तेल चोळायला लागली. फोन वाजला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तिने तो चार रिंगा वाजू दिला.