भाऊबीजेचा कंप्रेसर

माझा भाऊ रोह्याला टायर-पंक्चरचं दुकान चालवतो. दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला त्याला ओवाळताना मी ताट डाव्या हातात धरलं होतं. त्याने ओवाळून होईपर्यंत काही विचारलं नाही, पण जेवताना विचारलंच. मी सांगितलं की उजवा खांदा वर जात नाही. पेणला आमचा घरचाच गणपतींचा कारखाना. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची लांबट खोली. सासरे, नवरा आणि मी, एवढेच कारागीर. नवरा कंपनीतली शिफ्ट करून उरलेला वेळ देतो, त्यामुळे प्रत्येक मूर्तीला पहिला पांढरा हात देण्याचं काम माझं. ब्रश धरून धरून खांदा गेला होता.

भावाने नवा मोठा कंप्रेसर घेतला होता आणि जुना दुकानाच्या कोपऱ्यात कापड पांघरून पडला होता. त्याला स्प्रे गन जोडली की आठ दिवसांचं काम एका दिवसात होतं, हे मलाही ठाऊक होतं. शेजारीपाजारी सगळ्यांकडे होताच.

"मग हाच घेऊन जा," भाऊ म्हणाला. "ओवाळणी समज."

मी हो म्हटलं आणि पेणला येईपर्यंत सासऱ्यांना कसं सांगायचं याचा विचार करत बसले.

सासरे पन्नास वर्षं हाताने मूर्ती रंगवत आलेले. सगळ्या पेणमध्ये मशिनी आल्या तरी त्यांनी आपल्या कारखान्यात येऊ दिल्या नव्हत्या. मी विषय काढला तेव्हा ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "देवावर पिचकारी मारणार का आता?" आणि पुन्हा हातातल्या मूर्तीकडे वळले. नवऱ्याने मला सांगितलं, तू आण, बघू काय होतं ते.

भावाच्या ओळखीचा एक टेंपोवाला रिकाम्या गाडीने पेणला येणार होता, त्याच गाडीत कंप्रेसर चढवायचं ठरलं. मी आदल्या दिवशीच रोह्याला गेले. भावाने टाकीतली हवा सोडली, खालची चावी उघडून तांबूस पाणी काढून टाकलं आणि दुकानातल्या चौघांनी मिळून तो टेंपोत घातला. माणसाएवढी लांब निळी टाकी, तिच्यावर मोटर आणि पंप, खाली पुढच्या बाजूला दोन लोखंडी चाकं आणि मागे दोन पाय. वजन दीडशे किलोच्या वर. आईने टाकीला हळदकुंकू लावलं. टेंपोवाला गालात हसला, पण थांबला.

भाऊ आणि मी टेंपोतूनच निघालो. निडीजवळ दोर सैल झाला म्हणून थांबलो, वडखळला नेहमीप्रमाणे गाड्यांच्या रांगेत अडकलो, आणि साडेदहाला दारात पोचलो. नवरा पहिल्या शिफ्टला गेलेला. सासऱ्यांनी ओटीवरून टेंपोकडे पाहिलं, भावाला पाणी विचारलं, आणि आत कारखान्यात जाऊन बसले.

कारखान्याचं मोठं दार मागच्या बोळात उघडतं. पण त्या दाराला लागून घडवंच्यांवर शाडूच्या ओल्या मूर्ती वाळत ठेवल्या होत्या. ओली मूर्ती हलवली की तडा जातो. म्हणजे कंप्रेसर घरातून न्यायचा: ओटी, मधली खोली, स्वयंपाकघर आणि तिथून कारखान्याचं छोटं दार.

ओटी आणि मधली खोली सहज पार झाली. भाऊ आणि टेंपोवाला दोघे मागचे पाय उचलून ढकलत होते आणि मी पुढे पायपुसणी, पाट, डबे बाजूला करत चालले होते. स्वयंपाकघरात ओट्याचा कोपरा थोडा खरवडला गेला. छोट्या दाराशी आलो. तिथे उंबरठा आहे आणि पलीकडे कारखान्याची जमीन वीतभर खाली. चाकं उंबरठ्यावरून पलीकडे उतरली, टाकी निम्मी आत गेली आणि अडकली. मागे ओढावी तर चाकं उंबरठ्याच्या पलीकडे बसलेली. पुढे ढकलावी तर चौकट करकरत होती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की सासरे पलीकडे आहेत. मोठ्या दारात ओल्या मूर्ती, छोट्या दारात कंप्रेसर. त्यांना बाहेर यायला वाट उरली नव्हती.

मी घाबरत हाक मारली, "मामा, जरा वेळ लागेल."

"मी कुठे निघालोय?" आतून उत्तर आलं.

भाऊ आणि टेंपोवाल्याने तासभर खटपट केली. आवाज ऐकून शेजारची काकी आली. काकीची उमेदीची वर्षं खाडीकाठच्या मिठागरात गेलेली. साठी उलटली तरी घरची पाण्याची कळशी दुसऱ्याला उचलू देत नाही. तिने पदर खोचला, वाकून खाली पाहिलं आणि भावाला म्हणाली, "अरं, उचलतोस कशाला? उचलून नाय व्हायचा. याला घसरायला जागा दे."

पण घसरणार कसा, तो मुळात अडकला होता कुठे, तेच आमच्या बाजूने दिसत नव्हतं. एव्हाना एक वाजून गेला होता. सासऱ्यांचं जेवण बाराला ठरलेलं. मी भात आणि वालाचं बिरडं वाढलं आणि ताट टाकीवरून पलीकडे दिलं. त्यांनी ते घेतलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि कंप्रेसरच्याच कडेला टाकीवर टेकवलं. उंची अगदी टेबलाएवढी होती. ते उभ्यानेच जेवायला लागले. मोटरच्या मागून आम्हाला त्यांचं कपाळ आणि चष्मा तेवढा दिसत होता. काकीला हसू आवरेना, मग मलाही आवरलं नाही. टेंपोवाला तोंड फिरवून उभा राहिला.

जेवता जेवता चष्मा खाली झुकला. बराच वेळ तसाच राहिला.

"ही जाळी कसली?" त्यांनी विचारलं.

भावाने सांगितलं की पट्ट्यावरची आहे, बोट जाऊ नये म्हणून.

"ही अडतेय चौकटीला. चार बोल्ट आहेत. पाना दे."

भावाने पान्यांची पिशवी टाकीवरून दिली. सासऱ्यांनी हात धुण्यासाठी पाणी मागितलं, तेही वरूनच दिलं. मग त्यांनी चारही बोल्ट काढले, एकेक करून खिशात टाकले, आणि जाळी भिंतीला टेकवून ठेवली. ते मागे गेले आणि आम्हाला वाटलं, झालं त्यांचं काम. तर ते दोन फळ्या घेऊन आले. फळ्या टाकीच्या पोटाखाली सरकवल्या आणि त्यांवर ओल्या शाडूचा जाड लेप दिला, हाताने, अगदी गुळगुळीत. आमची मोठी मूर्ती पाटासकट सरकवायची तर ते असंच करत. मला ते सुचायला हवं होतं, पण मशीन म्हटल्यावर मूर्तीची आठवण कुणाला होते?

"आता ढकला. हळू," ते म्हणाले.

काकीने खांदा लावला, भावाने आणि टेंपोवाल्याने पाय उचलले, मी डाव्या हाताने जमेल तेवढं. टाकी सुळकन आत गेली, इतकी सहज की भाऊ तोल जाऊन उंबरठ्यावरच बसला. सासरे पलीकडून दोन्ही हातांनी तिला थोपवत होते. हात कोपरापर्यंत शाडूने माखलेले.

"जड हाय बेणं," काकी म्हणाली आणि हात झाडत घरी गेली.

नवरा चार वाजता आला. त्याला सगळं काही जागच्या जागी दिसलं, मी त्याला सांगितलं ते त्याला निम्मं खोटं वाटलं. त्याने वायर ओढून जोडणी केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कंप्रेसर चालू केला. पत्रे थरथरले. टाकी भरली तशी मोटर आपोआप बंद झाली आणि एकदम शांत झालं.

मी गन हातात घेतली, पण रंग भरायच्या आधीच सासरे म्हणाले, "थांब, आधी नुसती हवा दाखव."

त्यांनी तळहातावर हवा घेतली. मग गन स्वतःकडे घेतली आणि वाळलेल्या एका मूर्तीजवळ नेली. मूर्तीच्या मुकुटाच्या नक्षीत, बोटांच्या फटींत, सोंडेच्या वळणाखाली कोरडी धूळ बसते. ती काढायला ते दुपारच्या दुपार बारीक ब्रश फिरवायचे आणि तोंडाने फुंकायचे. इतकी वर्षं फुंकून फुंकून त्यांना कायमचा खोकला जडला होता. एका फुसकाऱ्यात नक्षी लख्ख झाली. त्यांनी दुसरी मूर्ती घेतली, मग तिसरी. मला गन मिळाली ती रांग संपल्यावर.

त्या हंगामात पांढरा हात मी मशीनने दिला. रंगाचा फवारा सारखा बसावा म्हणून किती अंतरावर गन धरायची, हे मला शिकायला दोन दिवस लागले. सासऱ्यांनी रंग गनने दिला नाहीच. डोळ्यांची आखणी तर त्यांच्या हातानेच होते आणि ती तशीच होणार. पण मशीनने धूळ उडवायचं काम त्यांनी कायमचं स्वतःकडेच ठेवलं. रोज सकाळी टाकीखालची चावी उघडून पाणीही तेच काढतात, आणि ते कुणी विसरलं तर ओरडतात.

त्या वर्षी गणपतीच्या महिनाभर आधी, जेव्हा आम्हाला पाणी प्यायलाही सवड नसते, तेव्हा एका दुपारी मी त्यांना शोधत कारखान्यात गेले. मूर्तींवरची धूळ उडवून झाली होती, पण ते तिथे नव्हते. ओटीवर पाहिलं तर चटई टाकून, पंखा लावून ते गाढ झोपले होते. लग्न होऊन आल्यापासून हंगामात त्यांना दुपारचं झोपलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.