पाळण्यात माझं नाव

मंदाताई, गुडघा कसा आहे? दाजी, खोकला थांबला का? बाळ्या, ताप गेला ना? तुम्हा सगळ्यांची पत्रं पोचली. मी ठणठणीत.

आज सकाळी बुरोंडीला माझ्या पणतीचं बारसं झालं. नातसून म्हणाली, "आजी, हिला तुमचंच नाव ठेवायचंय. समिंद्रा."

बाळाची आत्या दचकलीच. "अगो, जित्या माणसाचं नाव ठेवतात काय? आजीचं आयुष्य घटेल!"

आमच्याकडे तसं मानतात. नातसून हिरमुसली. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

समिंद्रा म्हणजे समिंदराची, समुद्राची. बाबांची होडी वादळात सापडली होती. ती किनाऱ्याला लागली त्याच दिवशी मी जन्मले, म्हणून आईने हे नाव ठेवलं. तेव्हा बंदरावर या नावाच्या पुष्कळ जणी होत्या. आता मी एकटीच उरलेय.

मी आत्याला म्हटलं, "मग मी मरेपर्यंत पोर बिननावाची ठेवणार काय? सांग गो तिच्या कानात!"

आत्याने नाव सांगितलं, बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. नातसुनेने पाळणा हलवत हाक मारली, "समिंद्रा!"

आणि मीच "ओ" दिली. सगळे खो खो हसले, मीही हसले. पण खरं सांगू? कोणी मला काकी म्हणतं, कोणी आजी. नावाने हाक मारणारं आई गेल्यापासून कोणी नव्हतं.

तुमच्या आजीचं नाव ठाऊक आहे का तुम्हाला? नसेल तर तिलाच विचारा, नि मला लवकर लिहा. वाट बघतेय.