गाणारी बाई मधोमध

नात्यागोत्यात आणि कारखान्यात सगळे त्याला कानसेन म्हणत. तोंडावरही म्हणत. आवडत नाही असं तो दाखवायचा, पण कुणी मागून हाक मारली की हसू लपवायला त्याला मिशीवर हात फिरवावा लागे. घरात गाणी ऐकायचे अँप्लिफायर बनवण्याचा छोटासा कारखाना तो आणि त्याचा मेहुणा मिळून चालवत. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, तिच्यात जोडणीची टेबलं, मागे खोक्यांनी भरलेली सामानखोली आणि एका कोपऱ्यात जाड पडदे लावलेली ऐकायची खोली. तिथे समोर दोन स्पीकर आणि बरोबर मधे एक खुर्ची. नवं मॉडेल तयार झालं की कानसेन त्या खुर्चीत बसायचा, डोळे मिटून ऐकायचा आणि शेवटी "हो" म्हणायचा. मीटरचे आकडे कितीही देखणे असोत, मेहुण्याने दुकानदारांना कितीही वचनं देऊन ठेवलेली असोत, तो "हो" आल्याशिवाय अँप्लिफायरची एकही पेटी बाहेर जात नसे. तशी रीतच पडली होती.

एरवी या माणसाचं बूड एका जागी टेकायचं नाही. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तर पाणी हातात येण्याआधी हा टीव्हीच्या मागे वाकून वायरी बघत असायचा. जेवताना भांडं वाजवून बघेल, बोलता बोलता समोरच्याच्या शर्टाचं बटण फिरवेल. बायको म्हणायची, "यांना फक्त गाणं बसवतं, मी नाही."

नवं मॉडेल म्हणजे त्याचं लाडकं लेकरू. एकाच पेटीत सगळा संसार. तबकडीच्या सुईतून येणारा, असून नसल्यासारखा सिग्नल वाढवणारा भाग, काय वाजवायचं ते निवडणारा भाग, आणि स्पीकरला हलवणारा ताकदीचा भाग. नाजूक आणि धटिंगण यांना एका छपराखाली भांडण न होता नांदवायचं, ही या कामातली खरी कसरत. ट्रान्सफॉर्मर जवळ आला की नाजूक भाग लगेच गुणगुणायला लागतो, म्हणून त्याने दोघांना पेटीच्या दोन टोकांना बसवलं होतं. डाव्या आणि उजव्या बाजूची सर्किटं समोरासमोर, हुबेहूब जोडीने. पुढचा पत्रा घासून मऊ केलेल्या ॲल्युमिनियमचा, त्यावर निवडीचं एक छोटं बटण आणि मधे आवाजाचं मोठं, जडसर बटण. ते फिरवताना बोटांना सुख वाटावं म्हणून त्याने वंगणाचे किती प्रकार घासून पाहिले होते, ते मेहुण्याला विचारा.

आणि बाकी काही नाही. वरचा-खालचा आवाज कमीजास्त करायची बटणं त्याने कधीच हाकलून दिली होती. डावी-उजवी बाजू कमीजास्त करणारं बॅलन्सचं बटण तर त्याच्या डोळ्यांत खुपायचं. "सिग्नलच्या वाटेत जेवढी माणसं उभी कराल तेवढी तो मळणार," असं तो सांगायचा. एकदा एक म्हातारे गिऱ्हाईक बॅलन्सचं बटण मागायला आले तर हा सरळ म्हणाला, "आजोबा, बटण कशाला? खुर्ची सरकवा!" म्हातारा बिचारा दुसऱ्या दुकानात गेला.

तर असा हा नवा अँप्लिफायर तयार होऊन खुर्चीसमोर आला, आणि कानसेनच्या तोंडून "हो" निघेना.

तो नेहमी एकाच गायिकेचं गाणं लावायचा. दोन्ही स्पीकर सारखे वाजत असतील तर गाणारी बाई दोघांच्या बरोबर मधे, हवेत उभी असल्यासारखी वाटते. इथे बाई उजवीकडे सरकली होती. फार नाही, पण सरकली होती. डावी बाजू लंगडी पडत होती.

"व्हॉल्यूमचं बटण," तो ताडकन उठून म्हणाला. बाहेरून एक दिसलं तरी त्या बटणाच्या पोटात डाव्या-उजव्याचे दोन वेगळे भाग असतात, आणि ते दोन्ही सारखे चालले नाहीत की एक बाजू मागे पडते. या धंद्यातला तो नावाजलेला गुन्हेगार. त्याने बटण बदललं. मग दुसरं बदललं. मग पुरवठादाराला फोन करून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि सगळा माल परत धाडला. नव्या मालातही बाई उजवीकडेच.

चाचणीचं काम बघणारी इंजिनियर होती, तिला सगळे मीटरवाली म्हणत. तिने दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा मोजल्या.

"सर, दोन्ही बाजू अगदी सारख्या आहेत."

"मीटरला कान नसतात," कानसेन म्हणाला.

"पण सर, मलाही..."

"तू आकडे बघ."

ती पुन्हा मीटरकडे वळली. मेहुणा मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हता. पुढचे पत्रे भोकं पाडायला जायचे होते, पत्रेवाला रोज विचारत होता. "भाऊजी, हो म्हणा ना एकदाचं. दुकानदार माझ्या डोक्यावर बसलेत."

"बाई मधे येईपर्यंत नाही."

"मला तर मधेच दिसते."

"तुला? तुला तर बासरी आणि कुकरची शिट्टी सारखीच!"

मेहुणा हसला, पण कानसेनला हसू आलं नाही. आतून काहीतरी कुरतडत होतं. त्याने ट्रान्झिस्टरच्या जोड्या पुन्हा जुळवल्या, सोल्डर केलेले सांधे पुन्हा तापवले, हातावर डाग पाडून घेतले. घरी आला की दाराशी चपला काढून परत घालायचा, एक चक्कर मारून यायचा. अन्न गोड लागेना. हा "हो" म्हणजेच तो होता. हिशेब मेहुणा बघायचा, मोजमाप मीटरवाली करायची, जोडणी टेबलांवरच्या बायका करायच्या. तो "हो" काढून घेतला तर कारखान्यात त्याचं काय उरणार, हा विचार डोक्यात आला की तो झटकून टाकायचा आणि पुन्हा पेटी उघडायचा.

सुट्टीच्या दिवशी त्याने ती पेटी उचलून घरी आणली. सकाळच्या उजेडात, बैठकीच्या खोलीत, शांतपणे बघू म्हणाला. शांतपणा कसला, खोलीत वायरींचं जंगल झालं.

बिघाड शोधायची या लोकांची एक साधी युक्ती असते. डावी-उजवी तार अदलाबदल करायची. दुबळेपणा दुसऱ्या बाजूला गेला, तर दोष त्या तारांच्या अलीकडे. जागचा हलला नाही, तर दोष पलीकडे. कारखान्यात आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला कानसेन पहिल्या दिवशी हेच शिकवायचा, आणि या वेळी गुन्हेगार आधीच ठरवून टाकल्यामुळे स्वतः मात्र विसरला होता. आता त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. मागच्या बाजूला येणाऱ्या तारा बदलल्या. बाई उजवीकडेच. स्पीकरला जाणाऱ्या तारा बदलल्या. उजवीकडेच. म्हणजे दोष अँप्लिफायरच्या पलीकडे! त्याला इतका आनंद झाला की त्याने स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितलं, "माझी पेटी निर्दोष आहे!"

"मग आता वायरी आवरा," ती म्हणाली.

त्याने स्पीकरच उचलून इकडचा तिकडे ठेवला. बाई हलली नाही. मग खोली, दुसरं काय? त्याने कपाट सरकवलं, पडदा काढला, गादी भिंतीला उभी केली. बायको दारात येऊन बघत राहिली. बाई उजवीकडे, खिडकीच्या बाजूला, आपल्या जागी ठाम. आणि मग शंकेची पाल चुकचुकली. कारखान्यातली खोलीही बिघडलेली आणि घरातलीही? दोन्ही एकाच वेळी, एकाच बाजूने?

तो खोलीच्या मधोमध उभा राहिला. तारा बदलून झाल्या होत्या, स्पीकर बदलून झाले होते, भिंती काही बदलता येत नाहीत. अदलाबदल करायचं एकच शिल्लक होतं. त्याने खुर्ची उलटी फिरवली आणि स्पीकरकडे पाठ करून बसला.

बाई दाराकडे गेली.

तो उठला, खुर्ची सरळ केली, बसला. बाई खिडकीकडे. पुन्हा उलटी. बाई दाराकडे. स्पीकर जागचे हलले नव्हते, भिंतीही नाहीत. तो वळला की दुबळी बाजू त्याच्याबरोबर वळत होती.

"अहो, काय चाललंय?" बायकोने विचारलं. त्याने उजव्या कानात बोट घातलं आणि डाव्या कानाने ऐकलं. बाई गात होती, पण कुणीतरी तिच्या तोंडावर रुमाल धरला होता. त्याने गाणं बंद केलं.

"मळ असेल," तो म्हणाला.

बायको जवळ येऊन बसली. "मळ नाही तो. तुम्हाला त्या बाजूने बोललेलं बरेच महिने ऐकू येत नाही."

"तुला माहीत होतं?"

"तुम्ही ओरडलात ना माझ्यावर, पुटपुटतेस म्हणून. दोनतीनदा ओरडलात. मग मी या बाजूने यायला लागले."

"सांगायचं नाही का?"

"कुणाला? कानसेनला?" ती म्हणाली, आणि तिचेच डोळे भरून आले. त्याला तिचा राग आला, स्वतःचा आला, आणि मग नुसतीच लाज वाटली. इतके महिने ही बाई त्याला कळू न देता जागा बदलत होती आणि तो पुरवठादाराला शिव्या घालत होता.

कानाच्या डॉक्टरांनी मळ नाही असंच सांगितलं. नस दमली आहे, म्हणाले, आणि गेलेलं परत येत नाही. दुसरा कानही वयाप्रमाणे वरचे सूर सोडायला लागलाय, असं जाताजाता सांगितलं. कानसेनने ते जाताजाताच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तो कारखान्यात गेला आणि मेहुण्याला म्हणाला, "पत्र्याला आणखी एक भोक पाडायचं. बॅलन्सचं बटण बसवू."

मेहुण्याने हातातला चहा खाली ठेवला. "भाऊजी, तब्येत बरी आहे ना? बॅलन्स मागणाऱ्यांना तुम्ही दारातून परत पाठवलंय. माझी गिऱ्हाइकं होती ती!"

"होती. चुकलं माझं." आणि मग त्याने डाव्या कानाचं सगळं सांगून टाकलं, उभ्या उभ्या, जोडणीच्या टेबलावरचे स्क्रू उगाच इकडून तिकडे करत. जोडणीच्या टेबलांवरच्या बायकांनी हातातली कामं खाली ठेवली.

नमुन्याच्या पत्र्याला कानसेनने स्वतः भोक पाडलं, बटण बसवलं, पेटी ऐकायच्या खोलीत नेली. मेहुणा आणि मीटरवाली मागोमाग आले. तो खुर्चीत बसला, गाणं लावलं आणि ते छोटं बटण हळूहळू डावीकडे फिरवू लागला. बाई सरकायला लागली. अजून थोडी. आणि मग ती मधे येऊन उभी राहिली, पूर्वी उभी राहायची तशी. किती दिवसांनी भेटली होती ती.

"आता?" त्याने वर बघत विचारलं.

मेहुण्याने मीटरवालीकडे पाहिलं. मग तो अवघडून म्हणाला, "भाऊजी, आता सगळं डावीकडे कललंय."

अर्थात कललं असणार. एका दुबळ्या कानासाठी सरळ केलेलं गाणं बाकी जगाला तिरकंच ऐकू येणार. घरोघरी माणसं आपापल्या कानाप्रमाणे ते बटण फिरवतील, त्यासाठीच ते हवं होतं. पण "हो" देणाऱ्याला ते मधे ठेवूनच ऐकावं लागणार, आणि मधे ठेवलं की त्याची बाई पुन्हा उजवीकडे. त्याने बटण मधे आणलं आणि उठला.

"तू बस," तो मीटरवालीला म्हणाला.

"सर, मी आकडे सांगते ना."

"आकडे झाले. आता ऐक."

ती खुर्चीच्या कडेवर बसली, मग मागे टेकली, डोळे मिटले. गाणं पहिल्यापासून लागलं. कानसेनला उभं राहायची सवय नव्हती. तो पडद्याशी गेला, परत आला, खिशातले स्क्रू वाजवले, मेहुण्याने दटावल्यावर थांबला आणि तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. तिच्या कपाळावर एक आठी पडली. गाणं संपलं.

"काय?" मेहुण्याने विचारलं.

"बाई मधे आहे," ती म्हणाली. "पण सर, ती 'स' म्हणते ना, तो टोचतो. वरचे सूर टोकदार झालेत. मागच्या मॉडेलमध्ये असं नव्हतं. मी मागेच सांगणार होते."

कानसेनने पेटीकडे पाहिलं. वर्षभर तो सर्किटमध्येच वरचे सूर थोडे थोडे चढवत आला होता. प्रत्येक वेळी वाटायचं, आवाज मंद येतोय, थोडी धार हवी. धार लावत होता तो स्वतःच्या कानाला, आणि ती जाणार होती लोकांच्या घरी.

"म्हणजे हो की नाही?" मेहुण्याने विचारलं. दुकानदारांना दिलेली सगळी वचनं त्याच्या चेहऱ्यावर होती.

मीटरवालीने एकदा त्याच्याकडे, एकदा कानसेनकडे पाहिलं. या खुर्चीतून दुसऱ्या कुणी उत्तर दिल्याचं तिला आठवत नव्हतं. तिने मान खाली घातली आणि अगदी हळू आवाजात उत्तर दिलं.

मेहुण्याने कपाळाला हात लावला. कानसेन तिच्या उजव्या हाताला, डावा कान तिच्याकडे करून उभा होता, त्याला काही ऐकू आलं नाही. तो खुर्चीला वळसा घालून पलीकडे आला, वाकला आणि उजवा कान तिच्यापुढे केला.

"पुन्हा सांग," तो म्हणाला. "मोठ्याने. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."