गॅरेजमधली खोकी

आमची गाडी अकरा हिवाळे बाहेर बर्फात उभी राहिली, कारण गॅरेजमध्ये खोकी होती. सगळी रिकामी. टीव्हीचं, मायक्रोवेव्हचं, मिक्सरचं, व्हॅक्यूम क्लीनरचं, आतल्या थर्माकोलसकट. रोज सकाळी नवरा काचेवरचा बर्फ खरवडायचा, मी खिडकीतून बघायची, पण खोक्यांना हात लावू द्यायची नाही.

आमचा इथला, अमेरिकेतला मुक्काम माझ्या नोकरीच्या व्हिसावर. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. नेपरव्हिलला आलो त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनी बजावलं होतं, "खोकी टाकू नको गं, परत जाताना पॅकिंगला लागतात." त्या स्वतः कधीच टेक्सासला गेल्या. मी मात्र त्यांचा सल्ला जिवापाड जपला.

"अगं, ही सगळी मशिनं इथल्या व्होल्टेजची आहेत," नवरा चिडवायचा. "तिकडे प्लग लावलास की धूर निघेल."

मला कळत होतं. मी सॉफ्टवेअर टेस्ट करते, दुसऱ्यांच्या चुका शोधायचाच पगार घेते. पण खोकी टाकली आणि दुसऱ्याच दिवशी नोकरी गेली तर? या 'तर'पुढे माझी अक्कल चालत नव्हती.

गेल्या जानेवारीत आमच्या टीममधल्या दोघींना काढलं. त्यातल्या एकीबरोबर मी रोज जेवायची. तेव्हापासून कॅलेंडरवर मॅनेजरची मीटिंग दिसली की मी साठ दिवस मोजायला लागायची. एका संध्याकाळी धीर यावा म्हणून मी गॅरेजमध्ये जाऊन खोकी बघत उभी राहिले, तर मिक्सरचं खोकं जागेवर नाही! मी थेट नवऱ्यावर तोंड सोडलं.

"टाकलंस ना शेवटी?"

"शप्पथ, मी हातही लावला नाही."

खोकं सापडलं मुलीच्या पलंगाखाली. मुलगी नऊ वर्षांची, इथेच जन्मलेली. आत तिचा स्वेटर, दोन पायजमे, कापडी ससा आणि टूथब्रश. रोज सकाळी ब्रश खोक्यातून काढून दात घासायची आणि पुसून परत ठेवायची. बाथरूममधल्या ग्लासात तो नाही, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. खोक्यावर मार्करनं लिहिलं होतं, 'विथ आई-बाबा'.

"हे काय गं?"

"जस्ट इन केस," ती म्हणाली. "तुम्हाला जायला सांगितलं तर. माझा पासपोर्ट इथला आहे ना, सो मला कोणी सांगणार नाही. मग मी रेडी पाहिजे. तुम्हाला सिक्स्टी डेज मिळतात. मला किती?"

मी तिला घट्ट धरलं. "तुला सोडून कुठे जाऊ आम्ही?" असं दहा वेळा म्हणाले. तिनं मान हलवली आणि खोकं परत पलंगाखाली सरकवलं. तिला व्हिसाबद्दल आम्ही कधी काही बोललो नव्हतो. माझ्या दबक्या आवाजातल्या फोनवरून आणि त्या खोक्यांवरून ती सगळं शिकली होती. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

शनिवारी मी कटर घेऊन गॅरेजमध्ये बसले. टीव्हीच्या खोक्याची पहिली चिकटपट्टी कापायला घेतली. आपण आपल्या हातानं संकट बोलावतोय असंच वाटत होतं. दोनदा कटर खाली ठेवला. नवरा शेजारी बसून थर्माकोल पिशवीत भरत होता. दुपारपर्यंत जमीन दिसायला लागली. मुलगी दारात उभी राहून बघत होती. तिचं खोकं मी मागितलं नाही.

सोमवारी सकाळी रिसायकलिंगचा ट्रक गल्लीत शिरला तेव्हा ती जॅकेट न घालताच धावत आली. हातात मिक्सरचं खोकं, रिकामं. "हे पण?" तिनं विचारलं. ते एक खोकं टाकायची मला सगळ्यांत जास्त भीती वाटली. तरी मी डब्याचं झाकण उचलून धरलं. ट्रक वळेपर्यंत तिनं माझी बाही सोडली नाही.

अकरा वाजता मॅनेजरची मीटिंग होती. विषय लिहिलेला नव्हता. लॅपटॉप उघडण्याआधी मी वर जाऊन आले. तिचा ब्रश ग्लासात होता, आमच्या दोघांच्या ब्रशांना टेकलेला. मी खाली आले आणि मीटिंग जॉइन केली.